भिंतीवरची नावं : ब्रोकन हिलमधला सायकलवरचा एक दिवस

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

ऑगस्टमध्ये मी लेकीकडे ॲडलेडला होतो, हे फोटोंवरून तुम्हाला कळलंच असेल. समुद्राचे, द्राक्षाच्या मळ्यांचे फोटो टाकले, तुम्ही छान छान म्हणालात. पण आपल्या रविवारच्या सायकल ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "सर, सायकल चालवली का नाही तिकडं? काही लिहा ना जी." चालवली. एकच दिवस, एकट्याने, साठेक किलोमीटर. आपल्या ग्रुपच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण त्या एका दिवसाबद्दल लिहायला मला दोन महिने लागले. का लागले ते शेवटी कळेल.

ॲडलेडपासून साधारण ५०० किलोमीटरवर ब्रोकन हिल नावाचं गाव आहे. जावयाचं तिथे दोन दिवसांचं काम होतं. तो म्हणाला, "बाबा, येता का? बघण्यासारखं फार नाही, खाणीचं गाव आहे." चंद्रपूरच्या माणसाला खाणीचं गाव म्हटल्यावर तो घरी बसेल का? जावयाची सायकल गाडीच्या मागे बांधली आणि निघालो. गाव न्यू साउथ वेल्स राज्यात, म्हणजे राजधानी सिडनी. पण सिडनी ११०० किलोमीटरहून लांब. त्यामुळे घड्याळ ॲडलेडचं. हिवाळ्यात भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे. अर्ध्या तासाची भानगड नाही. बायकोला फोन करायला सोयीचं.

सकाळी सात वाजता बाहेर पडलो तेव्हा थंडी पाच-सहा डिग्री असेल. जावयाने रात्रीच बजावलं होतं : तीन लिटर पाणी ठेवा, हेल्मेट काढू नका, दंड बसतो, आणि गावाबाहेर फोनला रेंज नसेल असं धरूनच चला. मागून रोड ट्रेन आली, म्हणजे दोन-तीन ट्रेलर जोडलेला ट्रक, तर सरळ रस्त्याखाली उतरा, तुमचा मान ठेवायला तो थांबणार नाही. मी मान डोलावली. चाळीस वर्षं कोळशाच्या ट्रकांच्या बाजूने सायकल चालवलेल्या माणसाला हे शिकवायला नको होतं, पण जावई आहे, काळजीने सांगतो.

गावातून बाहेर पडतानाच अर्धा तास गेला, कारण मी पाट्या वाचत होतो. मुख्य रस्ता आर्जेंट स्ट्रीट, म्हणजे चांदी. मग ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं, पण क्लोराइडवरून डावीकडे वळून दूध आणायला जाणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं इथे राहायला आली असती तर रसायनशास्त्रात पास झाली असती.

आणि गावाच्या मधोमध तो काळा डोंगर. तुम्ही तो पाहिला नसला तरी ओळखाल. आपल्याकडे दुर्गापूरच्या बाजूला, पद्मापूरच्या बाजूला खाणीतून काढलेल्या मातीचे जे डोंगर आहेत, त्यांचाच लांबचा भाऊ. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाचा मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर फिरणारा एक नोकर होता. इथल्या तुटक्या कडांच्या टेकडीवर त्याला वेगळा दगड दिसला. त्याला वाटलं कथील असेल. निघालं शिसं, चांदी आणि जस्त, तेही जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. सात किलोमीटरपेक्षा लांब, बूमरँगसारखा वाकलेला. १८८५ मध्ये कंपनी निघाली : ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. आज जगभर बीएचपी म्हणून ओळखली जाते ती हीच. ज्या तुटक्या टेकडीवरून गावाला नाव मिळालं, ती टेकडी खाणीनेच खाऊन टाकली. आता तिथे खड्डा आहे आणि बाजूला काढलेला काळा ढीग. कंपनी १९३९ मध्येच इथून निघून गेली. नाव मात्र घेऊन गेली. दुसऱ्या कंपन्यांचं खाणकाम अजून चालू आहे, पण एकेकाळी ३० हजारांवर गेलेलं गाव आता साडेसतरा हजारांचं उरलंय.

गावाच्या कडेला सिल्व्हरटनचा रस्ता सुरू होतो, तिथे तारेचं कुंपण लागतं. आत काही खास नाही. खुरटी झुडपं, निळसर-राखाडी पानांची. तिथे एक सॉल्टबुश नावाचं झुडूप आहे, ते भरपूर. मी सायकल उभी करून पाटी वाचली आणि मग पंधरा मिनिटं तिथेच उभा राहिलो.

गोष्ट अशी. सुरुवातीच्या ४०-५० वर्षांत इथली झाडं भट्ट्यांसाठी, खाणीच्या आधारांसाठी आणि चुलींसाठी तोडून झाली. उरलेलं शेळ्या, मेंढ्या, सशांनी खाल्लं. मग वारा सुटला की वाळू घरात. कुंपणं बुडायची. अल्बर्ट मॉरिस नावाचा एक माणूस खाणीत धातूंची तपासणी करायचा. वनस्पतींचा त्याला नाद. त्याचं म्हणणं होतं, झाडं लावत बसण्याआधी कुंपण घाला. जनावरं आणि ससे बाहेर ठेवा, जमिनीत बी आहेच, पाऊस पडला की ते आपोआप उगवेल. लोकांना पटत नव्हतं. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशनने कुंपणाचा खर्च उचलला. पाऊस आला आणि खरंच उगवलं. मॉरिस १९३९ मध्ये गेला, पण त्याची पद्धत पुढे चालू राहिली आणि आज गावाभोवती हिरव्या पट्ट्याची माळ आहे. वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. म्हणजे आपल्याकडे एका चांगल्या आठवड्यात पडतो तेवढा.

आपण दर जूनमध्ये खड्डा करतो, रोप लावतो, फोटो काढतो, पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावतो. त्यात मीही आहे, शाळेत असताना वीस वर्षं हेच केलं. कुंपण मात्र एकदाही घातलं नाही. कुंपणाचा फोटो चांगला येत नाही ना.

सिल्व्हरटन इथून २५ किलोमीटर. रस्ता डांबरी, चांगला, पण सपाट नाही. कोरड्या ओढ्यांच्या पात्रात खाली जातो आणि परत वर येतो, असं सारखं. गावकरी त्या उतारांची संख्या ३९ सांगतात. मी जाताना मोजायला सुरुवात केली, चौदा-पंधरानंतर श्वास मोजायला लागलो. प्रत्येक उतारावर पाणी किती चढलं हे दाखवणारा मापाचा खांब. पात्रात पाण्याचा थेंब नाही, पण खांब उभा. म्हणजे येतं तेव्हा येतं.

दोन्ही बाजूंना लाल माती आणि आभाळ. एवढं आभाळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. गुलाबी पोटाचे काकाकुवे तारांवर बसून भांडत होते. एका ठिकाणी चार इमू रस्ता ओलांडून गेले, मागे वळून माझ्याकडे बघत. आपल्याकडे इमू पालनाच्या योजनेत ज्यांचे पैसे बुडाले त्यांची आठवण झाली. त्यांनी हे इमू पाहिले असते तर दगडच मारला असता. रस्त्याच्या कडेला गाड्यांनी उडवलेले कांगारू पडलेले, आणि त्यावर बसलेला गरुड. एवढा मोठा, की मी सायकल हळू केली. तो उडाला नाही. मीच बाजूने गेलो.

या रस्त्याच्या जवळून पूर्वी रेल्वे जायची. तिचाही किस्सा आहे. माल पाठवायला दक्षिण ऑस्ट्रेलियाची बंदरं जवळ, पण ती रेल्वे आपल्या हद्दीत येऊ द्यायला न्यू साउथ वेल्सचं सरकार तयार नाही. मग खासगी कंपनीने हद्दीपर्यंतचा तुकडा बांधला आणि त्याला नाव दिलं 'ट्रामवे'. १८८८ पासून १९७० पर्यंत ती चालली. सरकार अडलं की शब्द बदलायचा, ही युक्ती फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं.

याच रुळांवर १ जानेवारी १९१५ ला सिल्व्हरटनला सहलीला निघालेली गाडी चालली होती. खनिजाच्या उघड्या डब्यांत बाकं टाकून बाराशेच्या आसपास माणसं, बायका-पोरं बसलेली. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते. दोन माणसांनी आइसक्रीमच्या गाडीवर तुर्की झेंडा लावून त्या गाडीवर गोळ्या झाडल्या. चार निरपराध माणसं मेली, ते दोघेही मारले गेले. त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला. म्हणजे गोळ्या झाडणाऱ्यांचा ज्या जर्मन शेजाऱ्यांशी काही संबंध नव्हता, त्यांचं घर जळलं. पुढे जमाव उंटवाल्यांच्या वस्तीकडे निघाला होता. त्याला वाटेत अडवलं गेलं.

ते उंटवाले म्हणजे कोण? रेल्वे आणि ट्रक येण्याआधी या सगळ्या वाळवंटात माल उंटांवरून जायचा. ती माणसं 'अफगाण' म्हणून ओळखली गेली, पण त्यांच्यात बलुची, पंजाबी, सिंधी असे अनेक होते. उंट कराचीहून बोटीने यायचे. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मी तिथे पोचलेला पहिला मुंबईकडचा माणूस नाही, एवढं नक्की. परत येताना त्यांची मशीद पाहिली. नालीदार पत्र्याची, लालसर रंगाची, आपल्या एखाद्या वाडीतल्या गोदामाएवढी. कुलूप होतं. बाहेर उभा राहिलो. उंट हाकणाऱ्यांनी वाळवंटाला रस्ते दिले आणि गावाने त्यांना गावाबाहेर जागा दिली.

सिल्व्हरटनला साडेनऊला पोचलो. १८८५ च्या सुमारास इथे तीन हजार माणसं होती. ब्रोकन हिलमध्ये चांदी जास्त निघाली तशी माणसं घरांसकट तिकडे गेली. आता वस्ती पन्नासेक. दगडी इमारती रिकाम्या, मोकळ्या फिरणारी गाढवं, दोन-तीन चित्रांची दुकानं आणि एक जुनं हॉटेल. 'मॅड मॅक्स'चा दुसरा भाग या भागात चित्रित झाला, त्यामुळे लोक मोटारसायकलवर येतात. मी आणखी पाच किलोमीटर पुढे मुंडी मुंडीच्या कड्यापर्यंत गेलो. तिथे टेकड्या संपतात आणि खाली मैदान सुरू होतं. पश्चिमेला काहीच नाही. झाड नाही, घर नाही, तार नाही. लोक म्हणतात इथून पृथ्वीची गोलाई दिसते. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला ते पटत नाही, पण मलाही दिसल्यासारखं वाटलं. लेकीने दिलेली पोळी-चटणी खाल्ली. अर्धा तास कोणीच आलं नाही. एवढी शांतता मला सहन होत नाही असं लक्षात आलं, म्हणून उगाच सायकलची घंटी वाजवली.

मागे वळलं की टेकड्यांच्या रांगेवर पवनचक्क्या दिसतात. ५८ आहेत. गावाजवळ सौर प्रकल्प आहे, मोठी बॅटरीही आहे. आणि तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये वादळाने मुख्य वाहिनीचे सात मनोरे पाडले, तेव्हा हे गाव आणि आजूबाजूची वस्ती अंधारात गेली. पुढचे कित्येक दिवस वीज ये-जा करत राहिली. आणीबाणीसाठी ठेवलेल्या दोन गॅस टर्बाइनपैकी एक दुरुस्तीला गेलेलं. पवनचक्क्या डोळ्यांसमोर, पण त्या ग्रीडला जोडून चालायच्या, ग्रीड नाही तर त्याही नाहीत. चंद्रपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या उशाला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे आणि पलीकडच्या गावात लाइट गेली की आपण मेणबत्ती शोधतो. दिव्याखाली अंधार हे काही फक्त मराठीत नसतं.

परतीच्या वाटेवर सिल्व्हरटनच्या हॉटेलात कॉफी घेतली. बाकावर एक म्हातारा बसला होता, सत्तरीच्या पुढचा, टोपी खाली ओढलेली. सायकल बघून बोलायला लागला. तीस वर्षं खाणीत होता, भूमिगत. मी सांगितलं, मीही खाणीच्या गावचा. कोळशाच्या. मग तो सरकून बसला आणि आमचं जमलं. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, माझं त्याला निम्मं. पण खाणीची माणसं हातांनी बोलतात. छत कसं ठोकून बघायचं, आवाज बद्द आला तर पळायचं, हे त्याने बाकावर बोटांनी ठोकून दाखवलं. माझे बाबा स्टुलावर असंच ठोकून दाखवायचे.

मी म्हणालो, माझे वडील खाणीत गेले. १९७९. छत पडलं.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझे आजोबा वर आहेत. धुळीने गेले, छातीच्या आजाराने. संध्याकाळी वर जा, बघ. तुझ्या वडिलांचं नाव कुठे आहे?"

त्याने अगदी सहज विचारलं. जसं आपण विचारतो, घर कुठे आहे. जिथे माणूस खाणीत मेला तिथे त्याचं नाव कुठेतरी असणारच, असं त्याने धरलं होतं. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही. कुठे नाही." त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्याने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.

परतीचे २५ किलोमीटर समोरून वारा होता. सायकलवाल्यांना सांगायला नको, समोरचा वारा म्हणजे न दिसणारा घाट. दोन तास लागले. डोक्यात तो एकच प्रश्न.

दुपारी गावात ट्रेड्स हॉल पाहिला, कामगार संघटनांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली देखणी इमारत. १८९२ चा संप, १९०९ ची टाळेबंदी, आणि मग १९१९-२० चा मोठा संप, तब्बल अठरा महिने. अठरा महिने पगार नाही, विचार करा. त्यातून काय मिळालं? भूमिगत कामगारांना आठवड्याला ३५ तासांचं काम, आणि धुळीने छाती गेलेल्यांना भरपाई. १९२० मध्ये. गावातलं दैनिकही संघटनांच्याच मालकीचं होतं.

सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. याच संघटनांच्या गावात कित्येक दशकं लग्न झालेल्या बाईला नोकरी करता येत नसे, कारण नोकऱ्या पुरुषांसाठी राखायच्या. मी हे वाचलं आणि आईची आठवण झाली. बाबा गेल्यावर तिला त्याच खाणीच्या ऑफिसात पाणी भरायचं काम मिळालं, त्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. तिला कोणी "बाईमाणसाने घरी बसावं" म्हटलं असतं तर मी आज ही पोस्ट लिहीत नसतो. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं झालं, त्या विल्याकाली लोकांना या हिशेबात फारसं कुठे धरलेलंच नाही. बार्काची, म्हणजे डार्लिंग नदीची, माणसं म्हणवणाऱ्या बार्कांजी समाजाला जमिनीवरचा हक्क कोर्टाने मान्य केला तो २०१५ मध्ये, अठरा वर्षं खटला चालवून. तोवर नदीचंच पाणी आटायला लागलं होतं. गावाला पाणी देणारी मेनिंदीची तळी कोरडी पडली, २०१८-१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिथे नदीत लाखो मासे मरून तरंगले. आता गावाला २७० किलोमीटरच्या पाइपलाइनने मरे नदीचं पाणी येतं. जुन्या दुष्काळांत इथे रेल्वेनेही पाणी आणावं लागलं होतं. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती आपल्याला नवल वाटली होती.

शिशाचंही तसंच. इथल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं १९९० च्या दशकापासून नियमित तपासतात. आजही बऱ्याच मुलांच्या रक्तात ते ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघतं, आणि आदिवासी मुलांमध्ये प्रमाण अधिक. खेळून आल्यावर हात धुवा, घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसा, असं आईबापांना सांगत राहतात. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. पण मोजतात, आकडा गावासमोर ठेवतात. आपल्या मुलांच्या छातीत किती कोळसा गेला, हे आपल्या गावात कोणी कधी मोजून सांगितलं? मला तरी आठवत नाही.

पाच वाजता सायकल ढकलत त्या काळ्या ढिगावर चढलो. चढ दमवतो. वर एक मोठ्ठं लाल बाक आहे, राक्षसाने बसावं असं. लोक त्यावर चढून फोटो काढतात. मीही काढला, तो तुम्ही पाहिलाय. त्याच्या पलीकडे गंजलेल्या लोखंडाचं स्मारक आहे, त्याचा फोटो मी टाकला नव्हता.

आत दोन्ही बाजूंना नावं. आठशेपेक्षा जास्त. १८८० च्या दशकापासून वर्षावार. नावासमोर कशाने गेला ते लिहिलेलं. दगड पडून. विहिरीसारख्या खाणमुखातून पडून. स्फोटात. यंत्रात सापडून. शिशाच्या विषबाधेने. हुद्दा नाही, कंपनी नाही. सुरुवातीला एकेका वर्षात रांगच्या रांग. मग पुढे पुढे जावं तशी नावं विरळ होत जातात. त्या विरळ होण्यात तो अठरा महिन्यांचा संप आहे, ३५ तास आहेत, भांडून मिळवलेले नियम आहेत. कोणी समजावून सांगायची गरज नाही. भिंतच सांगते. मुलांना आलेख शिकवताना मी आयुष्यात एवढं चांगलं उदाहरण दिलं नाही.

मी १९७९ पाशी जाऊन उभा राहिलो. उगाच. तिथे बाबांचं नाव असण्याचं काही कारण नव्हतं. तरी वाचलं.

बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. सेकंड शिफ्टला गेले होते. रात्री दहाला दार वाजलं. पुढे भरपाईचा कागद आला, त्यावर टोकन नंबर होता आणि आडनाव चुकलेलं. ते दुरुस्त करायला आईने दीड वर्षं चकरा मारल्या. खाणीच्या गेटवर सुरक्षा सप्ताहाचे बोर्ड लागतात, अपघातमुक्त दिवसांचे आकडे लागतात. मेलेल्यांची नावं मी तिथे कधी पाहिली नाहीत. ती खाणही आता बंद झाली, पाणी भरलंय. बाबांचं नाव आता फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि आईच्या पेन्शनच्या फायलीत आहे.

सूर्य मावळला तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. खाली गावात दिवे लागले, क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, एकेक रस्ता. घरी फोन लावला. तिकडे दुपारचे दोन वाजत आले होते. आई आता ८४ ची आहे, ऐकायला कमी येतं. मी ओरडून विचारलं, "आई, बाबांबरोबर त्या दिवशी आणखी कोण होतं?" तिने एका दमात तीन नावं सांगितली. आडनावांसकट, गावांसकट. एक बल्लारपूरचा, एक आंध्रातून आलेला, एक छत्तीसगडचा. ४६ वर्षं तिच्याकडे ती नावं होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून दोन महिने लागले ही पोस्ट लिहायला. कारण नुसतं "तिकडे बघा किती छान" असं लिहून थांबायचं नव्हतं. तिकडेही सगळं छान नाही, ते वर लिहिलंच आहे. पण माणूस कामावर गेला आणि परत आला नाही, तर त्याचं नाव गावाने लिहून ठेवायचं, एवढं तरी आपल्याला जमायला हवं. त्यासाठी सरकारी योजना लागत नाही, आमदार लागत नाही.

मी एक दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर चार नावं लिहिली आहेत, वर्ष आणि कारणासह. तुमच्या घरातलं, चाळीतलं, गावातलं असं कोणी असेल, भूमिगत खाण, ओपन कास्ट, वॉशरी, कंत्राटी कामगार, कोणीही, तर मला फोन करा किंवा घरी या. नाव, गाव, वर्ष, कसे गेले. कागदपत्र नसलं तरी चालेल. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना माहीत असतं. परप्रांतातून आलेल्यांची नावं विशेष शोधा, कारण त्यांच्या घरचे परत गेले आणि इथे सांगणारं कोणी उरलं नाही.

भिंत कधी होईल, कोण बांधेल, माहीत नाही. वही तरी भरू. आणि येत्या रविवारी आपली राइड नेहमीसारखी ताडोबा रोडला न जाता बंद खाणीच्या गेटपर्यंत जाईल. सकाळी सहाला, नेहमीच्या चहाच्या टपरीवर. चौदा किलोमीटर आहे, हळूहळू जाऊ. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी गाडीवर या, पण या.